तिसऱ्या दिवसाची फेरीबोट

यंदा चवथीच्या सुट्टीवर दोघांनी हक्क सांगितला:
चोडणच्या आमच्या घराने,
आणि चौदा वर्षांखालील मुलींच्या संघाने.

आग्नेल सरांचा निरोप आला
तेव्हा सुलक्षा नेवऱ्यांच्या कडा मुरडत होती.
"शाळा बंद, मैदान मोकळं. रोज सकाळी सात.
चवथीचे दोन दिवस सोडले.
तिसऱ्या दिवशी गोलकीपर हवीच."
तिने पिठाच्या हातानेच मोबाईल उचलला.
पडद्यावर अजून एक पांढरा अंगठा आहे.

भाऊंना सांगायचं काम माझ्याकडे आलं.
ते स्टुलावर चढून माटोळी बांधत होते,
दातांत सुंभाचं टोक.
म्हटलं, उर्वी तिसऱ्या दिवशी सकाळी जाईल,
आरतीपर्यंत येईल.
सुंभ न काढताच ते म्हणाले,
"आमच्या वेळी देव पाच दिवस असायचा."
देव अजूनही पाच दिवसच आहे, भाऊ.
हे मनातल्या मनात.
हातांनी मी त्यांना कांगल्यांचा घोस वर दिला.

पहाटेच्या फेरीत
रात्रभर आरत्या म्हणून घसा बसलेले तिघे,
एक पाववाला, त्याची सायकल,
आणि आम्ही.
मांडवी गढूळ, भरलेली, झोपेत कूस बदलल्यासारखी.
उर्वी हातमोजे घालूनच बसली होती.
आत्तापासून? विचारलं.
"दोन दिवसांत सवय मोडते, पपा."

दोन दिवस.
मी हिशेब मांडला:
या वर्षी हिने सोडलं ते
दोन मुंजी, एक बारसं, मामाकडचे फणस,
काणकोणच्या मावशीचा अख्खा मे महिना.
रायबंदरचा धक्का आला तेव्हा कळलं
ही वही फक्त माझी आहे.
तिच्या वहीत वेगळंच काही:
अडवलेले नऊ, सुटलेले चार,
सुटलेल्यांतले दोन डाव्या बाजूने.

मैदानावर गुडघाभर नाही, पण घोटाभर पाणी.
आईबाप रेनकोटात, तारेच्या कुंपणाला टेकलेले,
प्रत्येकाच्या घरी कुणीतरी वाट पाहत असलेलं.
मी डबा उघडला.
आग्नेल सर हळदीचं पान उलगडत म्हणाले,
"नाताळात मी आईला सांगतो, अकरापर्यंत पोचतो.
ती बारा वाजता ताटं मांडते.
तिला माहीत आहे."
मग दुसरी पातोळी घेतली,
आणि शिट्टी वाजवायला
अर्धा मिनिट उशीर केला.

परतीची फेरी चुकली. साहजिकच.
पोचलो तेव्हा आरती होऊन गेली होती.
कुणी थांबलं नव्हतं.
घुमट कोपऱ्यात, हात लावला तर अजून कोमट.
उर्वीने लावला. लगेच काढला.

पाया पडून ती उठतच होती
आणि माटोळीतलं एक तवसं सुटलं.
ती झेपावली,
पूर्ण लांब, दोन्ही हात पुढे, जशी झेपावते तशी.
डाव्या बाजूने गेलं.
जमिनीवर फुटलं, बिया थेट समईपर्यंत.
एक क्षण सगळं घर गप्प.
मग सर्वांत धाकटा बाळकू ओरडला:
"गोल!"

भाऊ हसले.
आधी नाकातून, मग खांद्यांतून,
मग स्टुलावर बसावं लागलं त्यांना.

सुंभ संपला होता. तिने बॅगेतून नाडी काढली,
पांढरी, पाकिटातली.
"बुटाची नाडी देवाच्या डोक्यावर?" काकी म्हणाली.
"कोरी आहे, काकी."
शिल्लक तवसं टांगायला तिला स्टूल लागलं नाही,
टाचा उचलल्या, पुरलं.
गाठ मात्र भाऊंनी शिकवली,
दोनदा,
पहिल्यांदा तिने गोलाच्या जाळीची मारली होती म्हणून.

"उद्या परत?" भाऊंनी विचारलं.
तिच्याकडे न बघता.
"सव्वासहाची फेरी."
"मग लवकर झोप," ते म्हणाले,
आणि फुटलेल्या तवशाच्या फोडी करायला
विळी मागितली.