जास्तीचा तास

हॅम्बुर्गमधलं ऑफिसचं काम शुक्रवारी दुपारी संपलं
आणि सोमवारच्या विमानापर्यंत मी कोणाचीच नव्हते.
लेकीची सॅक, बिघडलेल्या चेनला सेफ्टी पिन,
अशी ऑस्लोत उतरले.
ऑक्टोबर सरत आला होता.
सहा खाटांच्या खोलीत मला वरची खाट.
सत्तेचाळिसाव्या वर्षी शिडी चढताना
गुडघे मोठ्याने बोलतात.
खालची पोलिश मुलगी कानातलं काढून म्हणाली, ठीक ना?
ठीक.

शनिवारी पाहायचं ते सगळं पाहिलं.
ऑपेराचं छप्पर, पांढऱ्या दगडाचं,
उतरत उतरत थेट पाण्यात गेलेलं,
आणि त्यावर बसून सफरचंद खाणारी माणसं.
किल्ल्याच्या तटावरून बंदर.
निळ्या ट्रामने उगाच शेवटच्या थांब्यापर्यंत गेले,
तिथे काहीच नव्हतं, म्हणून परत.
दर किमतीला मनातल्या मनात साडेआठने गुणत होते.
कॉफी सव्वाचारशे.
दालचिनीचा बन चारशे.
अशाने तोंडातला घास मोठा होत जातो.
नाश्त्याचं तपकिरी चीज मात्र फुकट,
बासुंदीच्या खरवडीसारखं, किंचित खारट.
दोन चकत्या रुमालात बांधून घेतल्या.
सांगू नये, पण घेतल्या.

संध्याकाळी, तरंगत्या लाकडी सॉनातून
वाफाळत्या बायका बाहेर यायच्या
आणि काळ्या पाण्यात धबाधब उड्या टाकायच्या.
एक तर माझ्या आईच्या वयाची.
वर आली, गुलाबी, निथळत,
आणि मला हातानेच म्हणाली, ये.
मी स्वेटरच्या बाह्या ओढून बोटं झाकली.

रात्री डोळ्याला डोळा नाही.
खाली गेले तर रिसेप्शनवरची सेनाइत
खुर्चीवर उभी राहून भिंतीवरचं घड्याळ मागे फिरवत होती.
बरी आलीस, खुर्ची धर, डुगडुगते.
तीनचे दोन वाजले.
हा तास कुणाच्या खाती? मी विचारलं.
माझ्या, ती म्हणाली, आठची पाळी आज नऊची.
मग म्हणाली, केरेनला माझ्या बापाचा दिवस
सूर्याबरोबर सुरू व्हायचा.
तुमच्या सातला त्याचा एक वाजायचा.
मी म्हटलं, आमच्याकडेही होतं तसं,
पाण्यात बुडणारी वाटी, घटका मोजणारी.
हा तुझा तास म्हणजे अडीच घटका.
आता वाटी नाही. शब्द तेवढा उरलाय.
कुणी दाराशी आलं की म्हणतो, बस घटकाभर.
गटकाबर, ती म्हणाली.
घ काही तिला येईना,
पण तिने दुसरी खुर्ची ओढली
आणि चहात आलं इतकं ठेचून घातलं
की दोघींना ठसका लागला.

खरी गंमत पुढेच.
दुसऱ्याचं घड्याळ लावायला खुर्ची धरणारी मी
माझं मनगटी तसंच विसरले.
धावतपळत धक्क्यावर पोचले
तर बेटाची बोट यायला अजून तास होता.
गळ टाकून बसलेला म्हातारा, ऑडवार,
माझ्या मनगटाकडे बघून खदखदून हसला,
बाजूची बादली सरकवून जागा केली.
त्याला काही मिळालं नाही.
मी रुमाल सोडला. एक चकती त्याला, एक मला.
समोर पाणी शिशासारखं जड,
त्यावर एक बदक, फारसं काही न करणारं.
असा तास मला कुणी शेवटचा कधी दिला होता,
आठवून पाहिलं.

बेटावर मठाचे पडके दगड होते.
बघितले.

परतीच्या बसमधून लेकीला फोन लावला.
झोपेत होती. अगं आई, किती वाजलेत इथे!
काल आपल्यात साडेतीन तासांचं अंतर होतं,
आज साडेचार.
रात्रीतून घर तासभर लांब गेलं होतं
आणि मी तर नुसती
खुर्ची धरून उभी होते.