मोजणी

कैरवानच्या मोठ्या मशिदीत
खांब मोजायचे नाहीत.
जो मोजील त्याचे डोळे जातील,
असं आम्हाला दूधदातांपासून बजावलेलं.

मन्नूबिया मावशीचे डोळे
खांबांनी नाही, गालिच्यांनी नेले.
चाळीस वर्षं गाठी मोजल्या तिने
एका खिडकीच्या खोलीत.
गाठीमागे किती, ते व्यापारी ठरवायचा.

ईद उलटल्यावर एका दुपारी म्हणाली,
"लझहर, चल. आता माझं काय घेणारेत?"

अंगणात आधी विहीर.
काठाच्या संगमरवरात दोरांनी पाडलेल्या खाचा.
तिने एकेकीत बोट बसवून पाहिलं,
परक्याची अंगठी घालून बघावी तसं.
"केवढी तहान होती बाई ह्या गावाला."

मनोऱ्याच्या पायथ्याशी रोमी अक्षरांचा एक दगड
उलटा बसलाय. मी सांगितलं.
"गवंड्याला वाचता येत नसेल," ती म्हणाली.
आणि चार पावलांनी,
"किंवा येत असेल."

मग आत. गारवा, चटयांचा वास.
पहिल्या खांबाला तिने सबंध तळवा लावला,
लोकर पारखायची तसा.
हे सगळे उसने आणलेले,
कुठल्या पडक्या देवळातून, कुठल्या चर्चमधून,
बैलांच्या जिवावर.
एकाची उंची दुसऱ्याला जुळत नाही,
म्हणून बुटक्याच्या पायाखाली पाट सरकवलाय,
उंचाच्या डोक्यावरचं ओझं आखूड केलंय,
आणि वर कमानी एका ओळीत,
जसं खाली काही घडलंच नाही.

"हा समुद्राजवळचा.
हा नीट घासलेला नाही, मजुरी बुडवली असणार.
हा... हा गप्प आहे."
ओठ हलत होते. आकडा मला ऐकू येत नव्हता.

किब्ल्याच्या बाजूला एका खांबापाशी अडखळली.
कमरेच्या उंचीवर दोन रेघा,
एक उभी, एक आडवी,
आडवी खरवडून जवळजवळ काढलेली.
तिची बोटं तिथून हलेनात.
"इथे कुणीतरी उसवलंय," ती म्हणाली,
"पण घाईत.
धागा राहिलाय."

मी काही बोललो नाही.
उन्हाचा पट्टा तिच्या पावलांवरून सरकून
पुढच्या चटईवर गेला.

अस्रची वेळ होत आली.
चपलांपाशी बसलेला बूराऊई हसून म्हणाला,
"काय खाला, किती भरले?"

"व्यापाऱ्याला विचार," मावशी म्हणाली,
आणि उजव्या पायाची चप्पल डाव्यात घालून
तशीच चालू लागली.