नाऽ

धडगावच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत,
बारा वर्षं मी बोटं टोचते आहे.
थेंब काचेवर, काचेवर काच,
आणि भिंगाखाली एखाद्या सकाळी
गोल गोल पेशींच्या गर्दीत
एक विळा.
मग बाहेर बाकावर बसलेल्या बापाला
आत बोलवायचं. चहा आधी सांगायचा.

घानाच्या उत्तरेतल्या एका दवाखान्याला
तीन महिन्यांसाठी हात हवे होते.
तिथेही हाच विळा. मी अर्ज केला.
ॲम्ब्युलन्सवरचे उखर्डूनाना
तंबाखू मळता मळता म्हणाले,
"तठे मानसं नहीत का?"
आहेत की, नाना.
"मंग?"

बिबड्यांचा डबा बसला बॅगेत,
तो "मंग" काही केल्या बसेना.

कारण तोरणमाळच्या वाटेवरच्या पाड्यावर
दर हिवाळ्यात येणारी बस मी पाहिली होती.
जॅकेटातली पोरं शाळेची भिंत रंगवायची.
मासे. पुढच्या वर्षी दुसरी बस, माशांवर फुगे.
त्यापुढच्या वर्षी फुग्यांवर झाडं,
झाडांनी वेढलेल्या पाड्यावर.
हातपंपाचा दांडा तसाच, सुतळीनं बांधलेला.
कॅमेरा वर झाला तेव्हा रेमलीबाईच्या नातवानं
मला हळूच विचारलं होतं,
"बाई, आज हसायचं का रडायचं?"

तिथे पहिल्या सकाळी जो तो म्हणाला, दासिबा.
उत्तर द्यायचं: नाऽ.
माझी जीभ अडली.
कुणी रामराम म्हणावं आणि आपण ना म्हणावं?
अबीबा हसली. सोळा वर्षं ती त्या टेबलावर.
इथे नाऽ म्हणजे पोचलं, म्हणाली,
आणि मी उचललेली सुई
माझ्या हातातून काढून घेतली.
"तुझा परवाना तुझ्या गावचा."
अपमान गिळायला दोन दिवस लागले.
खोटं कशाला, चार.

कोठीत एक यंत्र होतं, कुणीतरी दान दिलेलं,
थर्माकोलसकट. पिन बसत नव्हती,
त्याचं रसायन जवळपास कुठे मिळत नव्हतं.
त्याच्यावर अबीबा हातमोजे वाळवायची.

मी विचारलं, मग मी काय करू?
हा प्रश्न विमानात बसण्याआधी विचारायचा असतो.
तिनं फाटक्या वह्यांचा गठ्ठा पुढे सरकवला.
चारशे बारा मुलं. कुणी कधी यायचं, कोण आलं नाही,
कोण आता येणार नाही.
मी नावं उतरवली. रहिनातू. फुसेनी.
पुन्हा फुसेनी, पण दुसरा.
चुकलं की ती खोडायची नाही,
मलाच खोडायला लावायची.

एकदा एका आईला मी मातीत विळा काढून दाखवला:
आमच्याकडेही असतो.
तिनं चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही.
लेकराच्या नडगीवर तळहात ठेवला,
रात्री ठेवत असेल तसा.

तिचा फोटो माझ्याकडे नाही.
एकच आहे, अबीबानं काढलेला.
त्यात मी, डोळे मिटलेले.

काल शहाद्याहून प्रणित गिरासे आला होता.
चार आठवडे जातोय, त्याच बाजूला, रंगांचे डबे घेऊन,
"तिथल्या मुलांसाठी काहीतरी."
मी चहा सांगितला.
मग म्हटलं, त्यांनी काय मागितलंय?
त्यानं कप खाली ठेवला. तसं विचारलं नाही, म्हणाला.
नाना दारातच होते. मी त्यांच्याकडे पाहिलं.
ते तंबाखू मळत राहिले.

आज अबीबाचा मेसेज: वही भरली.
मी लगेच लिहिलं, दोन पाठवते,
जाड पुठ्ठ्याच्या, इथल्या.
उत्तर आलं: वह्या तमालेच्या बाजारात मिळतात.
नको पाठवू.

बाहेर बाकावर कुणीतरी खोकलं.
मी टाइप केलं: नाऽ.