आधी तांब्याचा हात

आल्दाबाय हळदोण्याहून आल्या तेव्हा
शुक्रवारच्या बाजाराची गर्दी ओसरली होती.
टॉवेलात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर त्यांनी
समया आणि सायलेन्सर यांच्या मधे ठेवलं,
सोबत लायसन्सचं पुस्तक. चापाच्या कडीला अजून
मागच्या इलेक्शनला ठाण्यात जमा केल्याची चिठ्ठी.
सासऱ्यांचं. पुण्याचा कोणी हौशी घेतो म्हणाला,
अट एकच, वरचा मुलामा मूळचा हवा.
"कारखान्याचोच मू हो, शेट?"

सहाही घरं रिकामी आहेत हे दोनदा पाहिलं,
मग दाराशी गेलो.
मुलामा बघावा दिवसाच्या उजेडात,
ट्यूबलाइट सगळ्यांनाच तरुण दाखवते.

घडण बेल्जियमची. लंबगोलात तीन अक्षरं, वर मुकुट.
पण अक्षरांचे काठ विझलेले.
ठसा पोलादात बसतो तेव्हा कडेला बारीक ओठ फुटतो,
नख फिरवलं तर अडलं पाहिजे.
माझं नख घसरत गेलं
साबणाच्या वडीवरून जावं तसं.
स्क्रूच्या भोकांभोवती बशीएवढा उथळ खळगा,
बफच्या चाकाला भोक कळत नाही,
ते काठ चाटत जातं.
चाप आणि घोडा कारखाना निकेलात बुडवत नाही,
हाडांच्या कोळशात भाजून सोडतो,
ताज्या बांगड्याच्या पाठीचे रंग येतात त्यांवर.
हे दोन्ही लख्ख,
फेस्ताच्या आदल्या दिवशीच्या मेणबत्तीदाणीसारखे.

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं.
तरी मुठीची लाकडं काढली.

आत, जिथे कोणी बघत नाही,
टाकीत टांगलेल्या तारेची खूण होती.
दोन पीळ, टोक डावीकडे.
आणि नळीच्या तोंडाशी, जिथे कातड्याच्या म्यानाने
साठेक वर्षं घासलं होतं,
निकेलाखाली पोलाद नव्हतं. तांबूस होतं काही.

कारखाने सरळ पोलादावर निकेल चढवत.
म्हापशात एकच माणूस आधी तांब्याचा हात द्यायचा,
समईला, घंटेला, भाटकाराच्या बग्गीच्या दिव्याला.
"तांब्याशिवाय निकेल," पपा म्हणायचे,
"म्हणजे उपाशीपोटी फेणी.
चढतंय लवकर, उतरतंय लवकर."
डावखुरे होते. तार उलटी पिळायचे.
मी सुलटी पिळली
की टाकीच्या हिरव्या पाण्याकडे बघत राहायचे,
बोलायचे नाहीत.

वहीत हे असणार, पण रिव्हॉल्व्हर म्हणून नसणार.
पाकल्यांचं राज्य, हत्याराची नोंद कोण ठेवील?
"मोठी किल्ली, एक नग, तीन रुपये"
अशी एक ओळ मला आठवते.
एवढी किल्ली कुठल्या दाराची, मी विचारलंही होतं.
वही वाळवीने खाल्ली. खात्रीने सांगता येत नाही.

"मग किंमत?"
"अर्धी. अर्ध्याहूनही कमी, कदाचित."
आल्दाबायनी टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घातली.
"काडूंक येता?"

येतं. टाकी तीच आहे. तारा उलट्या जोडल्या
की तासाभरात निकेल सुटेल, मागून तांबं.
पण कारखान्याचं निळं पॉलिश
पपांनी आधीच घासून काढलेलं असणार,
त्याशिवाय तांबं धरत नाही.
म्हटलं, "खाली कारखाना नाही, बाय.
नुसतं लोखंड आहे."

बघण्याचे म्हणून त्यांनी पन्नास रुपये ठेवले.
मी घेतले. पपाही घेत असत.
साडेचारच्या बसला वेळ होता, त्या बाकावर बसल्या.
मी मुठीची लाकडं परत बसवली,
आणि स्क्रूचा शेवटचा अर्धा फेरा
डाव्या हाताने आवळून बघितला.
नीट जमला नाही.