खोकड

ऑक्टोबर सरता सरता अल ऐनमध्ये
रात्रीचे एसी एकेक बंद पडत जातात,
आणि आमची कामंही.
मग मी जेवून निघतो
वादीकाठच्या लाल रबरी पट्टीवर.
वादी म्हणजे कोरडा ओढा.
मी मनात वाडीच म्हणतो.

काल साडेअकराला, दोन किलोमीटरच्या खांबाशी,
ठिबकची नळी फुटली होती तिथे
ते पाणी पीत होतं.
कान थोराड,
शेपूट कुणाची तरी उसनी आणलेली.
थेंबामागून थेंब. घाई नाही.

खिशात फोन थरथरला, घरचा असणार.
त्यानं मान वर करून पाहिलं,
रात्रपाळीचा वॉचमन बघतो तसं,
ओळखपत्र न मागता.

खोकड, म्हटलं मी हळूच.
मग शौकतनं शिकवलेलं, थालब.
दोन्ही नावांना कान हलला नाही.
परत पाणी.

नळी बांधता आली असती.
टेप असतेच माझ्या खिशात.
बांधली नाही.

आज गेलो तर कुणीतरी बांधलेली,
स्वच्छ, घट्ट, चार वेढे. चांगलं काम.
आजूबाजूला कुणी नाही पाहून
मी उकिडवा बसलो
आणि नखानं
टेपचं टोक शोधू लागलो.