सहा नंबरची चाळणी

साडेतीन किलो भरले.
रशीदभाईने वर मूठभर टाकले,
म्हणाला, पोरांचं आहे, त्याचं काय मोजायचं.
सुरतेच्या भंगारातली गोण,
ऐंशी रुपये किलोने खेळण्यातले ठोकळे,
दुसऱ्या कुणाच्या लहानपणाचा चिकटपणा
त्यात फुकट.

कांद्याच्या जाळीत बांधून बादलीत बुचकळले.
मे महिन्यात पिंप्राळ्याचं ऊन बादलीचा कान मोडतं,
म्हणून जिन्याखाली सावलीत, चादरीवर.
शेजारच्या बायजाबाई वाकून बघत,
"काय वाळाले टाकं व माय, कुरडया?"
म्हटलं, हो. रंगीत.

दक्षेशने आधी रंग लावले.
लालात लाल, निळ्यात निळे.
दोन दिवस घर बांगड्यांच्या दुकानासारखं.
तिसऱ्या दिवशी त्याला एकच लाल हवा होता,
एका टिंबाचा, बारीक.
लाल ढिगात लाल शोधता शोधता
भाकर वातड झाली.

मी अकरा वर्षं डाळ मिलमध्ये निवडायला बसते.
तुरीत खडा दिसतो, तुरीत तूर दिसत नाही.
हे मी त्याला सांगणार होते,
तेवढ्यात तोच म्हणाला,
मम्मी, रंग तर डोळ्याला आपोआप सापडतो,
आपण आकार वेगळे करू.
अकरा वर्षं लागली नाहीत त्याला.

मिलच्या चाळण्या सुपडू मिस्त्री बदलतो.
आधीची दोन जगली नाहीत
म्हणून त्याला जन्मल्याबरोबर सुपात घालून ओढलं होतं,
तेच नाव झालं. साठीला आला, अजून चाळतोच आहे.
म्हणाला, सहा नंबरची घेऊन जा,
कडेला फाटलीय, शिवून घे तारेने.
चहा पाजला.

रात्री चाळली.
खाली पडले एका टिंबाचे, दोनाचे, दिवे, डोळे,
वर राहिली दांडगी मंडळी.
हाच खडखडाट मी दिवसभर ऐकते.
त्यावर कुणी हसलेलं
पहिल्यांदाच ऐकलं.

मग डबे.
श्रीखंडाच्या डब्यांतून आतलं दिसत नाही,
म्हणून झाकणावर नमुन्याचा एकेक ठोकळा चिकटवला,
वाचता न येणाऱ्यालाही कळावं.
मेडिकलवाल्याकडून गोळ्यांच्या रिकाम्या बरण्या.
सावद्याहून आलेला केळीचा क्रेट, एक कोपरा गेलेला,
त्यात चाकं आणि लांब पट्ट्या.
माणसं अंड्यांच्या ट्रेमध्ये,
एका खळग्यात एक, मान वर करून.
फेविक्विक पाच रुपये, तार घरातली.
चहा मी हिशोबात धरत नाही.

आणि जुन्या चादरीच्या कडेने परकराची नाडी ओवली.
पसारा तिच्यावरच मांडायचा,
झोप आली की नाडी ओढायची,
गाठोडं खुंटीला.
ज्यांना निवडायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी.
मला रोज येतो.

शेवटी भाविकाला एक सापडला,
आठ टिंबांचा, पोटात पेनने काढलेलं अक्षर.
ध आहे, म्हणाली, पण वर रेघ द्यायची विसरला.
विसरला नाही गं, त्यांच्यात देतच नाहीत.
मग दोघं रात्री उशिरापर्यंत,
धवल असेल, धारा असेल,
मोठा झाला असेल का,
त्याला विचारून विकले असतील का.

हा कशात टाकू, दक्षेशने विचारलं.
मी म्हटलं, आठाचा आहे, आठात.
मिलमध्ये मी एवढंच उत्तर देते.
त्याने टाकला. झाकण मात्र लावलं नाही.

आता काहीही बांधायचं झालं,
पूल, बस, नाहीतर नुसती भिंत,
आधी आठाची बरणी उपडी होते.
सकाळी मी डबा घेऊन निघते
तेव्हा फरशीवर सगळे आठाचे
उताणे पडलेले,
एक सोडून.