पोर्तू सांतूहून फोन

चादरींना आधी कळतं.
टॉवरमधल्या पोरांच्या पडद्यावर आकडा लाल व्हायच्या आत
माझ्या दोरीवरच्या, हॉटेलच्या एकवीस चादरी
डोंगराकडून पोटं फुगवतात,
मग एकदम समुद्राकडून,
आणि चिमटे उडतात कोंबड्यांच्या अंगावर.
असा दोन्हीकडून बोलणारा वारा
मदेरात कुणालाच चालत नाही.

धावपट्टी आमच्या डोक्यावर आहे, खांबांवर उभी.
तिच्या सावलीत लोक गाड्या लावतात, होड्या रंगवतात.
फेलिस्बेर्तूने एकदा कोबी लावून पाहिला.
आला नाही.

आज दिनार्त यायचा होता.
अकरा वर्षं जर्सीच्या हॉटेलांत बटाटे सोलणारा माझा भाऊ,
पाटाच्या पाण्याच्या अर्ध्या तासावरून
जो माझ्या वाऱ्यालाही उभा राहत नव्हता.
अर्धा तास.
मंगळवारी, पहाटे तीन ते साडेतीन,
केळीच्या चार पायऱ्या भिजतील एवढं पाणी.
वडील लिहून गेले नाहीत,
आणि आम्ही नको ते बोलून बसलो.

दोन वाजून दहा मिनिटांनी विमान आलं,
नाक तिरकं धरून, खेकडा चालतो तसं.
डोंगराशी उजवीकडे वळलं,
चाकं खाली, इतकी खाली
की टायरवरचा घासलेला पट्टा दिसला मला.
मग कुणी खालून चापट मारावी तसा
एक पंख उचलला गेला,
इंजिनं किंचाळली,
आणि ते सगळ्यांना घेऊन पुन्हा वर गेलं.
ब्रश हातात धरून फेलिस्बेर्तू म्हणाला, "एक."

वीस मिनिटं ढगाआडून नुसता आवाज.
चादरी काढायला हव्या होत्या.
काढल्या नाहीत.

दुसऱ्यांदा ते खाली आलंच नाही फारसं.
दारापर्यंत येऊन, आतले आवाज ऐकून
माणूस चप्पल न काढताच फिरतो, तसं फिरलं.
"दोन," फेलिस्बेर्तूने डब्याला झाकण लावलं.
"आता पोर्तू सांतू.
तिथंही नाही जमलं तर थेट लिस्बन."

पाच वाजता फोन.
"झुल्मिरा?"
मागे गलका, कुणाचं तरी मूल,
कुणीतरी बसबद्दल भांडत होतं.
"पत्र्याला निळा रंग कधी दिलास?"
"तीन वर्षं झाली."
"दोनदा दिसला. आणि त्या चादरी!
एवढ्या वाऱ्यात कोण बाहेर ठेवतं, येडे?"
मी काही बोलले नाही.
"शेजारच्या बाईने माझं मनगट धरलं होतं, नखं रुतवून.
तिचं लक्ष वळावं म्हणून खिडकीतून दाखवलं,
ते बघा, आमचं घर."
थांबला.
"आमचं म्हणालो मी."

"जेवलास?"
"बिस्किटं दिली. दोन."
"वारा पडला तर?"
"तर सकाळी सहाला सोडतील म्हणतात.
उद्या मंगळवार ना?"
"हो."
"पाट कोण उघडतं आता?"
"मीच. दुसरं कोण आहे?"
"तीनला?"
"तीनला."
"अंधार असतो गं," तो म्हणाला,
आणि त्याच्या फोनची बॅटरी गेली.
निदान मी तरी तसं समजले.

कंदील घेऊन चिमटे शोधायला बाहेर आले.
सतरा सापडले.
एक कोंबडी माझ्यावर रागावून कुडाखाली बसलेली,
आणि वर रिकामी धावपट्टी,
सगळे दिवे लावून.